फळीवरचा बिल्ला

भोपाळ राजधानी झाल्याच्या दुसऱ्या वर्षी हे मला तिथला जुना चौक दाखवायला घेऊन गेले. "आपल्या जबलपूरच्या तोंडचा घास पळवला, पाहू तरी कसा दिसते," हे पालुपद जबलपुरातल्या आमच्या चेरीतालच्या घरापासून सुरू होतं.

मशिदीसमोर बांगडीवाल्यापुढे मी हात धरला, तेवढ्यात हे दचकले.

"भोंगा वाजून राहिला. आपल्या कारखान्याचा."

"काहीतरीच! एवढ्या दुरून?"

यांनी खिसे चाचपले. बिल्ला नव्हता. कारखान्यात शिरताना प्रत्येक जण आपला पितळी बिल्ला फाटकावरच्या फळीला अडकवतो, सुटल्यावर काढून घेतो. फळीवर बिल्ला आहे तोवर माणूस आत आहे, असंच तिथे धरतात.

"शनिवारी घाईत काढायचा राहिला," हे म्हणाले. "म्हणजे तीन दिवसांपासून मी आतच आहो."

मी हसले. हे हसले नाहीत. दोन्ही हात खिशात घालून उभे राहिले.

मग भोंगा पुन्हा वाजला. या वेळी मीही ऐकला. चौकातली सगळी कबुतरं एकदम उडाली.

"जेवणाची सुट्टी झाली. आतले बाहेर निघून राहिले," हे पुटपुटले.

बांगडीवाला थांबला. "बहनजी, हाथ पोंछ लीजिए. चूड़ी फिसल रही है."

माझ्या मनगटावर मशीनच्या काळ्या तेलाची पाच बोटं उमटली होती. ओली आणि अजून गरम.

यांचे हात खिशातच होते. माझ्या मनगटाकडे पाहत यांनी हळूच विचारलं, "कोणत्या बाजूनं आला तो, आत राहिलेला?"