मंगळवारचं घर

आरोग्यसेविका दर मंगळवारी एका तरुण बाळंतिणीकडे बाळाचं वजन करायला जायची. घर आरशासारखं लख्ख असायचं, बाळ न्हाऊमाखू घातलेलं आणि पोरगी हसतमुख. शेवटी सेविकेने कार्डावर 'महिन्यातून एकदा पुरे' असं लिहून टाकलं.

पोरगी दारापर्यंत आली. "पुढच्या मंगळवारी नाही येणार, ताई?"

"तुला कशाला गं माझी गरज! तुझ्यावरून बाकीच्यांनी धडा घ्यावा."

महिन्याने गेली, तर दाराला कुलूप. शेजारच्या काकू बाळाला खांद्यावर टाकून बाहेर आल्या. "तिला दवाखान्यात ठेवलंय. अंथरूण सोडेना, लेकराकडे बघेना."

"अहो, पण मी यायचे तेव्हा तर..."

"तुम्ही येणार म्हणून मंगळवारी तेवढी उठायची हो ती."