शेवटची फुली

थाप म्हणा हवं तर, पण मी तिथे बसले होते.

माझी सून मास्तरीण. हट्टात तिचा हात कोणी धरणार नाही. तिच्या वर्गातला स्मार्ट बोर्ड बिघडला होता. पेन इथे टेकवलं की रेघ तिथे उमटायची. मोठ्या बाईंनी बजावलं, "उद्यापर्यंत नीट झाला नाही तर भंगारात देऊन टाकीन." झालं! शाळा सुटल्यावर सून कामाला लागली. मी आपली सोबतीला, शेवटच्या बाकावर.

काम सोपं होतं. बोर्डावर फुली येते, तिच्या मध्यावर पेन टेकवायचं, टिंग वाजतं, की पुढची फुली. चारही कोपरे झाले, तरी बोर्ड म्हणे अजून दोन बाकी.

पुढची फुली सुनेच्याच छातीवर उमटली.

"अगं, प्रोजेक्टरच्या उजेडात उभी आहेस, बाजूला हो."

ती सरकली. फुलीही सरकली.

"राहू दे आता, उद्या बघू," मी म्हटलं.

"उद्या बोर्ड जाईल, आई. अर्धवट सोडणारी मी नव्हे!" असं म्हणत तिने पेन स्वतःलाच टेकवलं.

टिंग!

ती पुन्हा उजेडात उभी राहिली. बोर्डावर तिची सावलीच पडली नाही.

"एकच राहिली!" सून खूश. फुली शोधत तिची नजर वर्गभर फिरली आणि माझ्यावर थांबली. मी खाली पाहिलं. उजेड सगळा बोर्डाकडे जात होता, पण फुली माझ्या छातीवर लख्ख होती.

सून पेन घेऊन बाकांमधून आली.

"आई," ती लाडाने म्हणाली, "जरा हलू नका हं."