दार नसलेलं दुकान

पिंपरीच्या जुन्या आळीत खाली दुकानं आणि वर बिऱ्हाडं अशी इमारत उठणार होती. नकाशा माझाच. छप्पन्न सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी मुकादम रंगरावने मोकळ्या केलेल्या जागेवर चुन्याच्या फक्कीने भिंती आखल्या.

दुपारी मी गेलो, तर सरुबाई एका चौकोनाच्या मधोमध उभी होती. तिचं पाडलेलं घर तिथंच होतं.

"सरुबाई, उन्हात कशाला उभ्या? जा की."

"जाऊ कुठनं, सायेब? दार न्हाई ठेवलं तुमी."

मी नकाशा उलगडला. खरंच, त्या एका दुकानाला दार दाखवायचं राहून गेलं होतं.

मला हसू आलं. रेघ ओलांडून मी आत गेलो, तिचा हात धरला, चपलेने फक्की पुसली आणि बाहेर पाऊल टाकलं.

कपाळ कशावर तरी आपटलं. समोर काहीच नव्हतं.

रंगराव दहा पावलांवर होता. मी हाका मारल्या. तो आला, माझ्याकडे न बघता खाली वाकला.

"परत कुणी पुसली?" असं पुटपुटत त्याने रेघ पुन्हा नीट ओढली आणि निघून गेला.

"सकाळधरनं चारदा पुसली मी," सरुबाई खाली टेकत म्हणाली. "बसा तुमी बी."