येते हं

पदरात पडणार होतं ते एवढंच: सोफ्याची डावी बाजू, जिथून टीव्ही सरळ दिसतो, रिमोट, आणि रविवारी सकाळी दहाचा अंतिम सामना, अथपासून इतिपर्यंत. गेले तीन महिने या सगळ्यावर सासूबाईंचा कब्जा होता.

त्यांच्या घरी स्वयंपाकघरातला पाइप फुटला आणि निम्मी फरशी उखडावी लागली, म्हणून त्या आठ दिवसांसाठी आल्या होत्या. आठाचे नव्वद झाले. झोपायला वरची खोली, बसायला खालचा सोफा. टीव्ही बघायची वेळ झाली की आतून हाक यायची, "मी येते हं," आणि सोफा आपोआप रिकामा व्हायचा. चालू मालिका संपली की डिशच्या जुन्या रेकॉर्डरमध्ये साठवलेली सुरू. एकशे चौदा भाग. जावईबापूंनी मोजले होते.

मग त्यांना तोड सापडली. कंपनीनं जुन्या रेकॉर्डरला जोडायची एक डबी काढली होती. ती लावली की चालू चॅनेल आणि रेकॉर्डरमधलं सगळं टॅबवर. टॅब वरच्या खोलीत, म्हणजे सासूबाई वरच्या खोलीत. सापही मरेल, काठीही तुटणार नाही.

पत्रकात लिहिलं होतं, दहा मिनिटांचं काम. मंगळवारी अपडेट नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकलं. बुधवारी पहिल्यापासून सुरू केलं, तर पुन्हा नव्व्याण्णव. गुरुवारी जावईबापू चाळीस मिनिटं मदत केंद्राची बासरी ऐकत बसले.

"तुमचं मॉडेल जुनं आहे सर," अखेर एक बाई बोलली. "आधी मधलं अपडेट टाका, मग हे."

"मधलं कुठे मिळेल?"

"ते आता बंद झालंय सर."

जावईबापूंनी डबी खोक्यात घातली आणि पुन्हा बाहेर काढली.

"आणि सर, हे फक्त घरातल्या वायफायवर चालतं. घराबाहेर नाही."

"घराबाहेर जायचंय कोणाला? तुम्ही मेकॅनिक पाठवा."

"लाइनवर राहा." पुन्हा बासरी.

नेमक्या त्याच वेळी सासूबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. हातात घडी घातलेल्या कपड्यांची चळत.

"जावईबापू, रविवारी दहाला मी येते हं."

दुकानात दिवसभर लोकांच्या कानांत श्रवणयंत्रं बसवणाऱ्या जावईबापूंच्या एका कानात बासरी होती, दुसऱ्यात हे. सगळा आठवडा सोडून रविवार, आणि तोही दहाला.

"या," ते कसंबसं म्हणाले.

सासूबाई जरा थबकल्या. "एवढंच?"

"मग काय म्हणू, आई?"

त्या चळत घेऊन जिना चढून गेल्या. बायको दारातून बघत होती. "आई काय म्हणाली, ऐकलंस ना?"

"ऐकलं. माझ्या परीनं बंदोबस्त करतोय."

"तुझं आपलं काहीतरीच," असं म्हणून ती आत गेली.

शुक्रवारी मेकॅनिक आला, डबीकडे बघून हसला आणि सुटा भाग आणायला म्हणून गेला तो गेलाच. शनिवारी जावईबापूंनी त्याला अकरा फोन केले. दुपारी तो उगवला. रेकॉर्डर उघडला, फुंकर मारली, मागची वायर हातात धरून विचारात पडला.

"साहेब, डिशवरून वायर एकच आलीय. दोन पाहिजेत."

"चालू होईल का, तेवढं सांगा."

"होईल हो. पण मग वर जे..."

"मला 'पण' नकोय. पाच दिवस मी 'पण'च ऐकतोय. चालू करा."

तासाभरात शंभर टक्के झाले. जावईबापू स्वतः टॅब घेऊन वर गेले. पलंगावर अर्धी भरलेली बॅग उघडी होती. कपाट आवरायला काढलं असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी खुर्चीला उशी लावली, टॅबला स्टँड लावला.

"हे तुमच्यासाठी, आई. आता उठबस करायला नको. इथेच राहा, अगदी आरामात."

सासूबाईंनी पदरानं टॅबची काच पुसली.

"पाच दिवस तुमची धावपळ चाललीय, ती माझ्यासाठी?"

"नाहीतर कोणासाठी?"

"मला आपलं वाटलं होतं, मी तुम्हाला जड झालेय."

"छे, काहीतरीच."

सासूबाईंनी बॅगेतली शाल काढली आणि कपाटात ठेवली.

रविवारी दहाला पाच कमी असताना जावईबापू सोफ्याच्या डाव्या बाजूला बसले. वरून हाक आली नाही. कोणी खाली आलं नाही. शिट्टी वाजली, सामना सुरू झाला. तिसऱ्या मिनिटाला पडदा मिचकावला आणि एक बाई हुंदके देऊ लागली. त्यांनी रिमोट दाबला. सामना. दोन सेकंदांत पुन्हा हुंदके.

"हे काय होतंय?" ते ओरडले.

"मेकॅनिक तेच सांगत होता," बायको आतून म्हणाली. "एका वायरवर एकच चॅनेल. वर आई लावेल तेच खाली."

"म्हणजे त्यांच्या घरची फरशी होईपर्यंत हे असंच?"

बायको हात पुसत बाहेर आली. "फरशी झाली की मागच्याच आठवड्यात. एक जोडपं तिचं घर कधीचं भाड्यानं मागत होतं, त्यांना आईनं काल संध्याकाळी होकार दिला. तीन वर्षांसाठी. म्हणाली, जावयानं एवढा जीव टाकून सोय केली आणि मी निघून गेले तर बरं दिसेल का?"

"निघून? त्या घरी जाणार होत्या हे मला कोणी सांगितलं?"

"आईनं. गुरुवारी, तुझ्या तोंडासमोर उभं राहून. तू 'या' म्हणालास."

जावईबापूंचा अंगठा रिमोटवर तसाच राहिला. सोफा त्यांचा होता. रिमोटही त्यांचाच होता.

तेवढ्यात जिन्यावरून प्रेमळ हाक आली.

"बसा निवांत, जावईबापू. मी आता येत नाही हं."