आत्याचे हात

भाग निम्म्यावर आला तरी आत्याचे हात थांबले नव्हते.

तिच्या मांडीवर परात होती, परातीत मटाराच्या शेंगा. डोळे टीव्हीवर, बोटं शेंगांवर. मागच्या खुर्चीत तिचा भाचा बसला होता. मालिका त्याचीच, दिग्दर्शन त्याचं; पण तो टीव्हीकडे पाहतच नव्हता. तो पाहत होता आत्याच्या बोटांकडे.

ही त्याची ठरलेली पद्धत. नवा भाग चॅनेलकडे जाण्याआधी आत्याला दाखवायचा, आणि तिच्या हातात काहीतरी सोलायला-निवडायला द्यायचं. तोंडाने ती भाच्याचं कौतुकच करणार, त्यात काही राम नाही. हातांना मात्र खोटं बोलता येत नाही. गोष्टीत जीव अडकला की ते आपोआप थांबतात. पहिल्या भागाला मूठभर शेंगासुद्धा सोलून झाल्या नव्हत्या. त्या दिवशी भाचा घरभर नाचला होता.

आज सहावा भाग. हा संध्याकाळपर्यंत द्यायचा होता, आणि तो पाहूनच चॅनेलवाले ठरवणार होते, मालिका पुढे चालवायची की गाशा गुंडाळायचा.

टीव्हीवर लिफ्ट दुरुस्त करणारा नायक लिफ्टमध्ये मुक्काम ठोकलेल्या बदकाशी बुद्धिबळ खेळत होता. सासरा छत्री उघडून गच्चीवरून तरंगत खाली आला. शेजारीण आली, ती बोलायचं ते सगळं गाऊनच बोलते. तिने दूध नासल्याची बातमी इतक्या आळवून सांगितली की आत्या खुदकन हसली. हात आपले चालूच.

"कसं वाटतंय?" त्याने विचारलं.

"छान आहे की रे. ते बदक फार गोड आहे."

छान. हा शब्द ऐकला की त्याचं डोकं उठायचं. छान तर पडदेही असतात.

आता हुकमाचा एक्का यायचा होता. या एका प्रसंगासाठी त्याने लेखकाशी रात्रंदिवस वाद घातला होता, संगीत तीनदा बदलून घेतलं होतं. लिफ्टचं दार उघडलं. आत बदक आडवं पडलेलं. नायक गुडघ्यांवर बसला. व्हायोलिन रडायला लागलं.

टप. टप. परातीत दाणे पडत राहिले.

त्याने चित्र थांबवलं. "आत्या, बदक मेलं."

"पाहिलं ना मी."

"तुला काहीच वाटलं नाही?"

"येईल की परत." आत्याने शेंग दाबून फोडली. "सासरा नाही का मागच्या भागात मेला होता? आज छत्री घेऊन उतरला. तुमच्यात कायमचं मरतंय कोण?"

"अगं, तेच तर वेगळेपण आहे या मालिकेचं." त्याचा आवाज चढला. "पुढे काय होईल त्याचा कुणाला पत्ता लागत नाही."

"तेच म्हणते मी. काहीही होऊ शकतं ना, मग मी काळजी कशाची करू?"

तो उठून खिडकीशी गेला, परत येऊन बसला. सहा महिने. घरदार विसरून, डोळ्यांची वाट लावून केलेलं काम, आणि या बाईने ते दाण्यांसारखं एका बोटाने बाजूला सारलं होतं. तिचा राग आला. तिचं बरोबर असेल या भीतीने जास्तच आला.

"चिडू नकोस," आत्या म्हणाली. "तू विचारलंस म्हणून बोलले."

"नाही चिडलो."

"मला एक सांग. पहिल्या भागात त्या लिफ्टवाल्याची नोकरी जाते. तो बायकोला सांगत नाही. ती रोज पहाटे उठून डबा करून देते, आणि हा कुठल्यातरी बंद लिफ्टमध्ये बसून एकटाच खातो. तेव्हा मला शेंगा सोलायचंच सुचलं नव्हतं, खरं सांगते. म्हटलं, हिला कळेल तेव्हा काय होईल या घराचं?" तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. "तिला कळलं का रे?"

तो बोटांवर भाग मोजू लागला. दुसऱ्या भागात बदक आलं. तिसऱ्यात शेजारीण. चौथ्यात सासरा, पाचव्यात त्याचं मरण. बायको होती कुठे? तिसऱ्या भागात एकदा दिसली होती, स्वयंपाकघरात, बदकाच्या मागे.

त्याने फोन उचलून लेखकाला लावला.

"बरं झालं तूच केलास," पलीकडून लेखक उत्साहाने सुटला. "सातव्या भागाची जबरदस्त कल्पना सुचलीय. बदकाचा जुळा भाऊ—"

"ते राहू दे. बायकोला कळलंय का?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"कुणाच्या बायकोला?" लेखकाने विचारलं.