पाय न वाजवता

तापीच्या काठापासून लांबच पंडितने चपला काढल्या आणि मागून येणाऱ्या धाकट्या भावाला हाताने थांबवलं.

"प्रेमराज, तठेच थांब. पाय वाजना का काठवरला मासा पळी जास."

पाण्यावर सावली पडू न देता तो वाकून पुढे सरकला आणि अगदी काठाशी गुडघ्यांवर बसला. उथळ पाण्यात एक मोठा रोहू फिरत होता. याच जागी, असंच चोरपावलांनी येऊन त्याने वर्षानुवर्षं गळ टाकला होता. कॉलेजात गेली तरी लेक हेमांगी सोबत यायची. श्वास रोखून बसायची आणि मासा लागला की बापाचा हात धरायची, "सोडी द्या ना पप्पा त्याले. भुक्या शे तो."

आज हातात गळ नव्हता. पंडितने ओंजळ अलगद पाण्याखाली नेली. रोहू घुटमळला, जवळ आला आणि त्याने ओंजळीतला भात टिपला.

हेमांगीच्या त्या पिंडाला सकाळपासून कावळा शिवला नव्हता.

पंडित जागचा हलला नाही. मासा बुजू नये म्हणून अगदी हळू म्हणाला, "प्रेमराज, पोर जेवनी."