धूमकेतूचा नंबर

शेताला तलावाचं पाणी घ्यायचा नंबर आला, की कुंताबाई विळा घेऊन पाटाच्या कडेला बसायची. तो नंबर हिसकायची अख्ख्या गावात कुणाची टाप नव्हती. आज भर दुपारी सून आचल कॉम्प्युटरपुढं दिसली, तसं तिचं टाळकं सरकलं.

"आई, अमेरिकेतली दुर्बीण हाय, इथून चालवता येते. तिकडं आता रात हाय. धूमकेतूचा फोटो काढाले अर्ध्या तासाचा नंबर लागला."

"धान लोंबीवर आला, अन् तू घरात शेपटीवाला तारा आनून राह्यली? अवदसा!" कुंताबाईनं वायर उपसली.

आचल दात आवळून म्हणाली, "एका नावाले एकच नंबर भेटते. आधी माझ्या नंबराले तिकडं ढग आले. हा तुमच्या नावानं लावला होता. लाइन तुटली, आता हा नंबर पुढच्याले जाईन."

कुंताबाईनं वायर परत खुपसली अन् कोपऱ्यातला विळा उचलला.

"माझा नंबर? कोन्या मुडद्यानं घेतला, नाव सांग त्याचं!"